हसेल तो उचलेल

माझं लग्न जमता जमता मोडायला आलं, ते मला हसू आवरता येतं म्हणून. लोक व्यसनापायी संसार बुडवतात. मी तो सुरू होण्याआधीच गंभीर चेहऱ्याने बुडवत होतो.

याचं मूळ आमच्या ऑनलाइन गेममध्ये आहे. आम्ही तिघं तीन वर्षं एकत्र खेळतो. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो, म्हणून मी भिंग. दुसरा बेकरीत पाव भाजतो, तो भट्टी. तिसरी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, ती सिस्टर. गेमला चौघं लागतात, पण चौथा कधी टिकत नाही. गोळी लागून कुणी आडवा पडला की साथीदाराने जवळ जाऊन त्याला उचलायचं असतं, आणि उचलायला जाणारा हमखास मार खातो. त्यावरून रोज भांडणं. शेवटी भट्टीने कायदा केला: पडलेल्याने माइकवर विनोद सांगायचा. हसेल तो उचलायला जाईल. कुणीच हसलं नाही तर पडला तो पडला.

सुरुवातीला आम्ही हसून हसून हरलो. मग शहाणे झालो. मी जीभ दातांखाली धरायला शिकलो. सिस्टर मनातल्या मनात औषधांचे डोस म्हणायची. भट्टी काय करायचा ते त्यालाच ठाऊक, पण त्याच्यापेक्षा दगड हसरा म्हणावा. पुढे नियम ग्रुपवरही आला. दिवसभर मीम यायचे, आणि जो हसरा चेहरा टाकेल तो पुढच्या मॅचला सगळ्यांचा हमाल. भट्टीने एकदा फसलेल्या पावाचा फोटो टाकला. पाव एका बाजूने बसलेला, डोळ्यांच्या जागी दोन मनुका, खाली लिहिलेलं, ‘सुट्टीनंतरचा पहिला दिवस’. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी पोट आत ओढलं आणि नुसता अंगठा पाठवला.

एकदा मी पडलो असताना सिस्टर मला न हसताच उचलायला आली. हे नियमात बसत नव्हतं. भट्टीने तेव्हाच काय ते ओळखलं, आम्हाला कळायला आणखी सहा महिने लागले.

तिच्या आईचा होकार होता. अडलं होतं वडिलांपाशी. ते तीस वर्षं बस डेपोत माइकवर गाड्यांची घोषणा करायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पण आवाज अजून कामावर आहे. ते ‘चहा घ्या’ म्हणाले तरी उठून बॅग उचलावीशी वाटते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि डेपोतला किस्सा सुरू केला. रोज एक आजोबा चौकशीच्या खिडकीशी यायचे. गाडी अर्धा तास लेट आहे म्हटलं की खूश होऊन चहाला जायचे. एक दिवस त्यांना सांगितलं, आजोबा, आज गाडी वेळेवर आली आणि वेळेवर गेली. आजोबा संतापले. ‘वेळेवर गेली? न कळवता?’

किस्सा चांगला होता. पण शेवटच्या वाक्याआधी ते क्षणभर थांबले, आणि तिथेच घात झाला. तीन वर्षांची सवय. कुणी असं थांबलं की माझी जीभ आपोआप दातांखाली जाते. मी त्यांच्याकडे पावती हरवलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा बघत राहिलो. त्यांनी दुसरा विनोद सांगितला. तिसरा सांगितला. शेजारी सिस्टर, तिचे ओठ नुसते हलत होते, म्हणजे डोस चालू होते. सातव्या विनोदानंतर त्यांनी माझा कप उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी नकार आला. ते काय म्हणाले ते सिस्टरने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

“मुलगा वाईट नाही. पण तू आधी हसून घर डोक्यावर घ्यायचीस. आता तीन वर्षं मोबाइलकडे असं बघतेस, जणू कुणाचा वाईट रिपोर्ट आलाय. मी रोज एक नवा विनोद शोधून आणतो, तो तुझ्यासाठी. आणि हाही तसलाच. दोन मुकी माणसं मी एका घरात नेऊन बसवणार नाही.”

मला फार वाईट वाटलं. त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

सिस्टरने त्यांना आमचा कायदा समजावला. असला गाढवपणा शिकलेली माणसं करतात यावर त्यांचा विश्वास बसेना. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाले. मग रविवारी दुपारी चौथ्या जागेवर तेच आले. सिस्टर आतल्या खोलीत, ते बाहेर तिचा जुना मोबाइल घेऊन. नाव घेतलं ‘चौकशी’.

पहिली दहा मिनिटं ते एका भिंतीकडे तोंड करून चालत होते. पण हाती माइक आल्यावर माणूस खुलला. “डाव्या बाजूने दोन इसम येत आहेत,” असं खणखणीत सांगायचे, आणि खरंच दोन इसम यायचे. भट्टी म्हणाला, इतका कामाचा चौथा आजवर मिळाला नव्हता. ते पुन्हा एका भिंतीला अडकले, मी त्यांना सोडवायला गेलो आणि गोळी खाऊन आडवा झालो.

आता विनोद सांगणं आलं. मोबाइलमध्ये शंभर ताजे मीम होते, एक आठवेना. डोक्यात एकच गोष्ट होती, ती सांगितली. रोज एक आजोबा चौकशीच्या खिडकीशी यायचे. त्यांच्याच शब्दांत सांगितली, ते थांबले होते तिथेच थांबलो.

“‘वेळेवर गेली? न कळवता?’”

मग कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि एकदम हसू फुटलं, अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असं. नंतर ते मला म्हणाले, जन्मभर विनोद सांगितले, पण आपला विनोद कुणी जपून ठेवलाय असं त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी तर तो चहाच्या कपाबरोबर विसळला गेला असंच त्यांनी धरलं होतं.

भट्टीने कायदा वाचून दाखवला. “काका, तुम्ही हसलात. आता उचलायला जा.”

ते निघाले. एका झाडाला धडकले, हौदात उतरले, कसेबसे बाहेर आले. मग घसा साफ करून त्यांनी घोषणा केली.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पडलेल्या जावईबापूंना घेण्यासाठी सासरे निघालेले आहेत. कृपया गोळ्या झाडू नयेत.”

माझी जीभ सवयीने दातांखाली गेली.

“बाबा,” सिस्टर हळूच म्हणाली, “ठरवून टाकलंत? न कळवता?”

आणि ती हसली. कायद्याचे सुरुवातीचे दिवस सोडले तर तीन वर्षांत मी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकत होतो, तेही दोन माइकवरून, एकदा तिच्या आणि एकदा भिंतीपलीकडून त्यांच्या. थांबायलाच तयार नव्हती. भट्टीचा माइक बंद दिसत होता, त्यामुळे त्याच्याबद्दल खात्री देता येत नाही.

तिचे बाबा ते ऐकत माळावर तसेच उभे राहिले. मी ओरडून सांगितलं, काका, हला. ते हलले नाहीत. माझ्यापासून दोन पावलांवर त्यांना गोळी लागली आणि ते माझ्या शेजारी आडवे झाले.

“आता माझी पाळी ना?” त्यांनी विचारलं, आणि पुढचा किस्सा सुरू केला.