बेचाळिसावी ढोली

“परत वाचा,” मामा म्हणाले.

मी परत वाचलं. “‘या जंगलातील घुबडांचा वावर ढोली असलेल्या एकेचाळीस जुन्या झाडांपुरता मर्यादित आहे. ती राखल्यास बाकीच्या तोडीने त्यांना बाधा पोचणार नाही.’”

“ताईंनी लिहिलंय?”

“खाली सही त्यांचीच आहे.”

मामा आमचे वनरक्षक, बत्तीस वर्षं एकाच जंगलात. मी कार्यालयातला कारकून. ताई म्हणजे संशोधक बाई. चार वर्षं त्या घुबडांचा अभ्यास करायला येत होत्या. साहेबांनी कितीदा विचारलं तरी मामांनी ढोल्यांचा थांग लागू दिला नव्हता. ताईंना मात्र एकेक ढोली हात धरून दाखवली. आम्ही चिडवायचो, मामांना उतारवयात लेक झाली म्हणून.

“ढोलीत नुसतं राहणं असतं हो,” मामा म्हणाले. “पोट भरतं ते खालच्या गचपणात. आणि पिल्लू बाहेर पडतं तेव्हा त्याला उडता कुठे येतं? झुडपं, लहान झाडं धरत धरत वर चढतं. मधलं जंगलच नसेल तर जमिनीवर राहणार, कोल्हा उचलणार. हे सगळं ताईंनी वहीत उतरवून घेतलंय, माझ्यासमोर. फोन लावा.”

मी त्यांच्याच फोनवरून लावला, स्पीकरवर.

“मामा! कसे आहात?”

“ताई, गचपणाचं पान कुठे गेलं?”

“मामा, तोड होणारच होती. ते पान घातलं असतं, तर अहवालच बाजूला टाकला असता त्यांनी. निदान एकेचाळीस तरी वाचवली ना? पहिल्याच पानावर तुमचे आभार मानलेत बघा.”

मामांनी फोन माझ्या हातात दिला. मला बाईंचा संताप आला. स्वतःचाही आला, कारण तोडीचा आदेश सकाळी मीच टाइप केला होता. साळसूदपणे मी कपाटातून रंगाचा डबा काढला. राखायच्या झाडांना मामांनीच पट्टा मारायचा होता. ती दुसऱ्या कुणाला सापडलीच नसती.

“किती झाडांना?” मामांनी विचारलं.

“एकेचाळीस. ठेकेदार पट्टे मोजून घेणार. एकही जास्त चालणार नाही.”

मामांनी रंगाचा डबा बाजूला सरकवला.

“एक ढोली राहिलीय,” ते म्हणाले. “नाल्याच्या वरच्या अंगाला. यंदाच सापडली. ताईंना सांगितली नाही. पुढच्या खेपेला आल्या की एकदम समोर उभं करीन म्हटलं, खूश होतील. त्यानंतर त्या आल्याच नाहीत.”

“रिकामी आहे?”

“दोन पिल्लं आहेत.”

मामांनी राखायच्या झाडांची यादी मागितली, मी दिली. एकेचाळिसांतलं एक झाड सोडावं लागणार होतं. त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. ते सावकाश खाली सरकत गेलं, प्रत्येक आकड्यावर थांबत. शेवटच्या आकड्याखाली कोरा कागद लागला, तेव्हा त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा पहिल्यावर ठेवलं.