डावा मुंढा

नणंद वहिनीच्या शिवणाच्या दुकानात शिरली ती नेहमीप्रमाणे जांभळ्या बेरींचे दोन डबे घेऊनच. एक स्वतःला, एक वहिनीला. ती वाचनालयात नोकरीला. आरोग्याची कात्रणं जमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई कॅन्सरने गेली तेव्हापासून तर तिने बेरींचा ध्यासच घेतला होता. वहिनी तिला कौतुकानं 'बेरीबाई' म्हणायची.

"यात कॅन्सरला रोखणारी द्रव्यं असतात, वहिनी. नाक मुरडू नकोस, खा."

"खाते गं बाई. आणखी महिनाभर खाल्ल्या तर मीच जांभळी होईन." वहिनीने टेप गळ्यात अडकवली. "दुरुस्तीला काय आणलंयस?"

नणंदेने निळा ड्रेस पुढे केला. "डावा मुंढा सैल कर. काखेत काचतो."

"आणि उजवा?"

"उजवा बरोबर आहे."

वहिनी वीस वर्षं कपडे शिवत होती. माणूस जाड होतं ते दोन्हीकडून, हे कळायला तिला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. तिने माप घ्यायला हात पुढे केला तशी नणंद चटका बसल्यासारखी मागे सरकली.  वहिनीने दुकानाचं दार लावून घेतलं.

"गाठ आहे ना? कधीपासून?"

"तीन आठवडे," नणंद खाली बघत म्हणाली. "जाईल गं. रोज दोन वाट्या खाते."

वहिनीला राग आला, आणि तितकीच मायाही दाटून आली. नणंदेच्या पर्समधलं कात्रण काढून तिने बोट ठेवून वाचलं, "'प्रयोगशाळेतल्या पेशींवर आशादायक परिणाम. माणसांत अजून सिद्ध नाही.' तूच कापून ठेवलंयस हे! फळं चांगलीच आहेत, जन्मभर खा. पण गाठ डॉक्टरलाच दाखवायची."

"आईसारखं निघालं तर?"

"मलाही भीती वाटतेय. पण आपण दोघी जाऊ."

नणंदेने डोळे पुसले आणि मान हलवली. वहिनीने लगेच दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईने तक्रार विचारली.

"नणंदेच्या डाव्या काखेजवळ गाठ आहे. तीन आठवडे झाले," वहिनीने सांगितलं.

नणंदेने हळूच फोन तिच्या हातातून घेतला.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने झाले."

 वहिनीने नणंदेचा मोकळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.