डाव्या बाजूचा ब्रेक

मित्रांनो, गाडीला पायाचा ब्रेक एकच असतो, असे तुम्हाला वाटत असेल. मला दोन आहेत! एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. पेणच्या रामवाडीत महिपती मास्तरांचे ड्रायव्हिंग स्कूल होते, तिथली मी जुनी पांढरी गाडी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मीही चारचौघींसारखीच होते. मास्तरांनी मला आणले, गॅरेजात हा दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि माझा जन्म शिकवण्यातच गेला. कोणी क्लच धाडकन सोडला, कोणी गिअर करकरवला, मी सगळे मुकाट्याने सोसले. माझ्यावर हात बसला की लोक नवी गाडी घेतात आणि रस्त्यात मला ओळखही दाखवत नाहीत. वाईट वाटते, पण सांगणार कोणाला?

पुढे मास्तरांचे गुडघे दुखू लागले. मला भंगारात द्यायची भाषा त्यांच्या तोंडी आली. त्याच सुमारास सगुणा आली. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या घरची ही लेक पेणजवळच्या जोहे गावाहून रोह्याला गणपतीच्या मूर्तींचा टेम्पो न्यायची. रोह्याजवळच्या वरसे गावात तिला बायकांसाठी स्वतःचे ड्रायव्हिंग स्कूल काढायचे होते. तिथे दारोदारी गाड्या आल्या होत्या, पण शिकवायला बाई नव्हती. त्यासाठी प्रशिक्षकाची परीक्षा द्यायची आणि आरटीओच्या साहेबांसमोर कोणाला तरी शिकवून दाखवायचे, अशी अट होती.

"पास झालीस तर गाडी तुझी गो," मास्तर म्हणाले.

सगुणा चालवायची फार सुरेख. पण शिकवायला डावीकडे बसली आणि घोळ झाला. कच्च्या शाडूच्या मूर्ती नेणारा माणूस खड्डा यायच्या कितीतरी आधी ब्रेक दाबतो. नाही दाबला तर एखाद्या बाप्पाची सोंड गेलीच म्हणून समजा! ती सवय सगुणाच्या पायात मुरली होती. तिची पहिली शिष्या वरसे गावच्या, टेम्पोच्या परतीच्या फेरीत तिच्याबरोबर पेणला येणाऱ्या गिरजाबाई, वय पन्नाशीचे, हौस विशीची. त्यांना कोंबडी दिसायच्या आत सगुणाने ब्रेक दाबलेला असायचा. शेवटी त्या खाली उतरल्याच.

"गो, गाडी मी चालवते का तू? मी नाय शिकायची तुझ्याकडं!"

सगुणा समोरच्या डॅशबोर्डवर डोके टेकून रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

मास्तरांना मात्र हसू आले. "सगुणे, गाडीत गणपती नाय, मानूस हाय. जरा हादरं बसूं दे त्याला. उद्या सीटवर मांडी घालून बस. पाय नाय, तोंड चालव."

गिरजाबाईंची समजूत घालून मास्तर आम्हाला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. हँडब्रेक हाताशी ठेवून ते मागे बसले आणि सगुणा पुढे देवाला बसल्यासारखी मांडी घालून. समोर दगड आला. सगुणा "मावशे, ब्रेक!" म्हणून ओरडली, पण तिचे पाय अडकलेले. गिरजाबाईंनी स्वतःच ब्रेक मारला. गचका बसला, सगळ्यांची डोकी हलली आणि गिरजाबाई टाळ्या पिटायला लागल्या. असे बरेच दिवस चालले.

मग परीक्षा आली. साहेब मागे बसले. आता पाय खाली ठेवणे भागच होते. पेणच्या बाजाराजवळ एक म्हैस डुलत डुलत आडवी आली. सगुणाचा पाय डाव्या ब्रेकवर आला. मला वाटले, आता दाबणार आणि सगळे मुसळ केरात जाणार! पण तिने पाय नुसता टेकवून ठेवला. गिरजाबाईंनी ब्रेक मारला आणि मी म्हशीच्या अलीकडे थांबले. घाईत क्लच दाबायचा राहिला आणि मी बंद पडले. लगेच मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. गिरजाबाई चावी सोडून मागे वळून बघू लागल्या.

"वाजवूं दे त्यांना, मावशे," सगुणा शांतपणे म्हणाली. "न्यूट्रल कर. आता फिरव चावी."

मी एका दमात चालू झाले. बंद राहून मी तिचा घात केला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

उतरल्यावर साहेबांनी विचारले, "म्हैस आली, तुम्ही ब्रेक का नाही दाबला?"

"साहेब, मावशींनी म्हस आधीच बघितलेली. माझा पाय तयार व्हता. पन त्यांचं काम मी केलं असतं, तर त्या शिकल्या कशा असत्या?"

साहेब हसले आणि सगुणा पास झाली!

मित्रांनो, आता मी वरसे गावात असते. अंगाला गंज चढलाय, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, तरी रोज कामावर जाते. माझे तुमच्यापाशी एकच मागणे आहे. पुढची गाडी रस्त्यात अचानक बंद पडली, तर हॉर्न वाजवू नका. आत कोणीतरी आज पहिल्यांदा, कोणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या पायाने थांबले असेल.