चौथी चौकट

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जुना म्हणजे सात महिन्यांचा. तीन दणके बसले की सात महिन्यांतही वस्तू जुनी होते.

भंगाराच्या गोदामात, फाटकाजवळच्या केबिनमध्ये मी भिंतीवर होतो. माझ्याआधी तिथे चार छोटे मॉनिटर होते: फाटक, वजनकाटा, गल्ली आणि मागचा ओटा. त्यांच्यासमोर पहाऱ्याला बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ ढब्बू आवारात गस्त घाली.

"एकच मोठा लावू. काय ही चार-चार डबडी!" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"असू द्या की साहेब. एकात नजर अडकली तरी बाकीचे तीन डोळ्यांच्या कडेला असतात."

"यातही चार चौकटी दिसतात, ताई. आणि हे बघा, दोनदा क्लिक केलं की एकच चौकट अख्ख्या पडद्यावर!"

येईल त्या ड्रायव्हरला साहेबांनी हे करून दाखवलं. माझं कौतुक झालं. मी फुगलो.

"पोट आत घे रे, ओट्यावरचा कॅमेरा अडतो," ताई ढब्बूला म्हणत.

"मोठा पडदा घेतलाय ना? मावतो मी."

मग एका दुपारी फाटकावर दोन ड्रायव्हर भिडले. ताईंनी दोनदा क्लिक केलं. मी फाटकाने काठोकाठ भरलो.

१२:०७
फाटक: एकाने दुसऱ्याचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं.
ओटा:

१२:०८
फाटक: नाकातून रक्त. काट्यावरचा कारकून धावत केबिनमध्ये आला. "घाल, घाल त्याच्या पेकाटात!"
ओटा:

१२:१०
फाटक: दोघं एकदम थांबले. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला पाण्याची बाटली दिली.
ओटा:

ती बाटली बघून ताई ताडकन उठल्या. "हे भांडण नाही. आपल्याला इथे गुंतवलंय!" त्या मागच्या ओट्याकडे धावल्या. ओट्यावर ठेवलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी गायब होती. ढब्बू पडला होता.

चौथ्या दिवशी फौजदार आले. ढब्बू अजून शुद्धीवर नव्हता. "ओट्याचं रेकॉर्डिंग लावा," ते म्हणाले. साहेबांनी दोनदा क्लिक केलं.

१२:०७
ओटा: लोखंडी सळई ढब्बूच्या गुडघ्यावर.

१२:०८
ओटा: सळई जबड्यावर. दात फरशीवर उडाले. एक बूट बरगड्यांत, परत, परत.

१२:१०
ओटा: ढब्बू सरपटत कॅमेऱ्याखाली आला. वर बघून हात हलवू लागला. ताई बघत असणार, याची त्याला खात्री होती. बूट त्या हातावर पडला.

मित्रांनो, मला आवाज नाही. त्याचं तोंड हलताना तेवढं दिसलं.

"परत लावा," फौजदार म्हणाले.

ताईंनी दंडुका उचलला. पहिला दणका माझ्या मधोमध. काच तडकली, पण ढब्बूचा हात हलतच होता.

"अहो ताई! त्या पडद्याचा काय दोष?" साहेब ओरडले.

"मग तुमच्या टाळक्यात घालू?"

दुसरा. तिसरा. मग मी काळा झालो.

आता मी केबिनच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभा आहे. वर चार छोटे मॉनिटर परत लागलेत. दोन महिन्यांनी ढब्बू कुबडीवर आला. जबड्याला बांधलेल्या तारा नुकत्याच सुटल्या होत्या. शब्द फेंगडे पडत होते.

"ताई, मी हात केला होता. दिसलो ना तुला?"

ताईंनी चारही पडद्यांवरून नजर फिरवली.

"दिसलास रे. म्हणून तर धावले."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना सांगतात, काच पुसा, धूळ झटका. मी ते मागत नाही. एखादं भांडण मोठं करून बघावंसं वाटलं, तर आधी बाकीच्या तीन चौकटींत आपलं कोण उभं आहे ते बघा. नाहीतर असं खोटं बोलावं लागतं, आणि ऐकणारा त्यावर हसून मान डोलावतो.