नव्या मशीनला कुंकू

भूमिकाचं श्वासाचं मशीन कंपनीनं परत मागवलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आतल्या फोमचा भुगा होतो आणि तो श्वासात जाऊ शकतो, म्हणे. माझी पोर आठ वर्षांची. छातीचे स्नायू अशक्त, त्यामुळे झोपली की मशीनच्याच जिवावर. डॉक्टर म्हणाले, नवं येईपर्यंत हेच लावा, बंद करणं जास्त धोक्याचं. म्हणजे भीती गिळायची आणि मास्क बांधायचा. कंपनीला रोज फोन करून मी इतकी भांडले की तिथली मुलगी माझ्या नुसत्या "हॅलो"वर "बोला रोहिणीताई" म्हणायला लागली.

अखेर मशीन बसवणारा जितेश ते घेऊन पेणहून एसटीनं आमच्या वरसे गावात उतरला. दोन्ही हातांत खोकं असं जपून धरलेलं, की शेजारणीला वाटलं यंदा आमचा गणपती लवकरच आला.

"आज नव्यावर झोपवून बघू," तो म्हणाला. "नीट झोपली तरच जुनं नेणार."

मशीन मांडून तो हातपाय धुवायला गेला आणि तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, डाव साधला. आमच्या घरात साधा मिक्सरसुद्धा हळद-कुंकवाशिवाय सुरू होत नाही. समोरची काच खराब व्हायला नको, एवढा विचार मात्र त्यांनी केला. मशीन फिरवून त्यांनी मागच्या जाळीवर चिमट्या चिमट्यांनी हळद-कुंकू वाहिलं.

जितेशनं आधी मास्कच्या जागी तपासायची रबरी पिशवी जोडली आणि बटण दाबलं. मशीन बोंबलायलाच लागलं.

"आजी, हवा हितनंच आत जाते!" त्यानं जाळीमागचा फिल्टर काढून दाखवला. लालभडक.

माझा पारा चढला. "आई, एवढी वाट बघून आलं नि तुम्ही त्याचं नाकच बुजवलंत!"

"मना काय ठाव, ह्याचं नाक पाठीला हाय त्ये?" सासूबाई म्हणाल्या. भूमिका खुदुखुदू हसत सुटली.

"घाबरू नका, फिल्टरनं सगळं धरलंय. आत काय नाय गेलं," जितेश म्हणाला. नवा फिल्टर घालून त्यानं पिशवीवर पुन्हा तपासलं आणि मगच मास्क बांधू दिला. सासूबाई दाराशी देवाचं नाव घेत उभ्या. थोड्या वेळानं भूमिकाचे डोळे मिटले.

जुनं मशीन सारखं घरघरायचं. हे गप्प. इतकं गप्प की चालू आहे की बंद, तेच कळेना. तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चांगला होता, जितेश जुनं मशीन खोक्यात भरायलाही लागला, तरी मी तिच्या छातीवर हात ठेवला. वर, खाली. काढला. परत ठेवला. परत काढला, परत ठेवला.

डोळे न उघडताच तिनं माझं बोट धरलं.

"मी हाय गो आई," मास्कमधून आवाज आला. "तू बी झोप ना."

आणि मी झोपले. भरदुपारी, घरात परका माणूस असताना, तिच्या उशीला डोकं टेकून.