लिंबावर थांबणारी होडी

बैल घ्यायचा तर मोहनसिंगला सोबत न्यायचं, हे सेनगावच्या बाजारात लहान पोरालाही ठाऊक होतं. दात, खूर, भोवरे सगळे बघतात. मोहनसिंग आधी जनावर मोकळं उभं करायला लावायचा आणि बाजूला बिडी ओढत बसायचा. "पळंल कसं ते मागून बघू. आधी उभं कसं ऱ्हातंय ते बघू द्या," तो म्हणायचा. पाय बदलणारा, अंग चोरणारा बैल तो हातही न लावता नापास करायचा. आपली पारख कधी चुकली नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आणि या शहाण्या माणसानं होडी घेताना माती खाल्ली.

धरण होऊन सात वर्षं झाली होती. पूर्णेचं पाणी मोहनसिंगच्या तांड्याच्या खालपर्यंत येऊन टेकलं होतं. कामावरचे साहेब लोक बदलून गेले, त्यांच्या हौसेच्या दोन शिडाच्या होड्या मागं राहिल्या. त्या विकायचं काम चौकीदार गोपीचंदकडं आलं. पंचाहत्तर सालच्या चैत्रात मोहनसिंग बायकोला, मिराबाईला, घेऊन त्या बघायला गेला.

होडी हवी होती ती मिराबाईला. तिच्या माहेरचा तांडा त्या पाण्याखाली गेला होता. माणसं उठून वारंगा फाट्याकडं राहायला गेली, त्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. पण तिची पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली ती तिथंच, आणि तिथल्याच लिंबाखाली तिला पुरलं होतं. नंतर दोन मुलगे झाले, पण मिराबाईचं मन त्या लिंबाखालून उठलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या लिंबाचा वाळका शेंडा तेवढा वर यायचा. मिराबाई काठावर बसून त्याच्याकडं बघत राहायची. एकदा तिथं जाऊन दिवसभर बसावं, लेकीपाशी दोन घास खावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

गोपीचंदनं दोन्ही होड्या दाखवल्या. "ही रुंद हाय ती घरच समजा. वर छप्पर, आत निजायला फळ्या, चुलीला पत्रा. चार माणसं न् दोन पोती घेऊन त्या काठाला जाती, पर दमानं. ही दुसरी अरुंद. वाऱ्यासंगं पळती. हिच्यात निजायचं म्हनाल तर पाय पसरायला बी जागा न्हाई, आन् एका जागी थांबायचं म्हनलं की दम धरत न्हाई."

किमती दोन्हींच्या सारख्याच होत्या. मिराबाई रुंद होडीत चढली आणि सरळ फळीवर आडवी झाली. "हीच घ्या," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "लिंबावर थांबता येईल."

मोहनसिंगचं लक्ष दुसरीकडं होतं. शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं, मैदान धरणात गेल्यापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं त्याच पाण्यावर होड्या पळवत. मैदान होतं तेव्हा मोहनसिंगची जोडी दरसाल पहिली यायची. आता पलीकडच्या काठाचा अमृतराव तीन वर्षं पहिला येत होता आणि गोरेगावच्या बाजारात ते सगळ्यांना ऐकवत होता. मोहनसिंगनं अरुंद होडीचं शीड चढवायला लावलं. होडी सुटली, आणि त्याला आपला जुना बांडा बैलच सुटल्यासारखं वाटलं.

"बराबर! हीच घेऊ," तो काठाला येत म्हणाला.

"आन् लिंब?"

"दगड सोडून थांबवू की. पोळा झाला की नेतो तुला."

"पोळ्याला शेंडा बुडल्याला असतोय."

"मग पुढच्या चैतात. लिंब कुठं पळून चाललाय काय?"

मिराबाई फळीवरून उठली, ओढणी सावरली आणि खाली उतरली.

रुंद होडी माणसं ने-आण करायला अमृतरावानं घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोहनसिंग पहिला आला. तांड्यात हलगी वाजली, खांद्यावर घेऊन त्याला नाचवलं.

पुढच्या चैत्रात त्यानं शब्द पाळला. मिराबाईनं पिशवीत गूळ घेतला, भाकरी घेतली आणि लेकीची जपून ठेवलेली कुंची घेतली. लिंबाच्या शेंड्यापाशी मोहनसिंगनं दोरीला बांधलेला दगड सोडला. होडी दोरीभोवती फिरायला लागली, फांदीवर आपटायला लागली. मिराबाई कुंची काढायला जराशी उठली तर होडी कलली आणि ओंजळीनं नव्हे, घागरीनं पाणी आत आलं. मोहनसिंगनं घाबरून दोरी कापली. पिशवी छातीशी धरून मिराबाई म्हणाली, "चला घरी. हिच्यात म्या पुन्हा येत न्हाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. परतताना मोहनसिंगला आपलंच बाजारातलं बोलणं आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पळते कशी ते त्यानं पाहिलं होतं. उभी कशी राहते ते पाहिलंच नव्हतं, आणि बायकोनं तर फळीवर आडवं होऊन दाखवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं अमृतरावाकडं जायला हवं होतं. पण त्याच्यापुढं मान खाली घालायला मोहनसिंगला आणखी एक वर्ष लागलं. तेवढ्यात तो एकदा शर्यतही जिंकला, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. सत्त्याहत्तरच्या चैत्रात तो त्याच्याकडं गेला. अदलाबदल करायची म्हणाला, काहून ते सांगितलं. अमृतरावानं चेष्टा केली नाही. रुंद होडीची दोरी त्यानं मोहनसिंगच्या हातात दिली.

मिराबाईनं पीठ घेतलं, सरपण घेतलं, पिशवी घेतली. पाणी नेहमीसारखं उतरलं होतं, पण शेंडा कुठंच दिसेना. लिंब कुठं पळून गेला नव्हता. गेल्या पावसाळ्यात कुजून खाली आडवा झाला होता. समोरचा माळ आणि काठावरचं मारुतीचं देऊळ यांचा अंदाज धरत मोहनसिंग दुपारपर्यंत होडी फिरवत राहिला. शेवटी एके ठिकाणी त्यानं दगड सोडला. होडी थांबली. वारा होता, लाटा होत्या, पण ती जागची हलली नाही.

"हीच जागा का?" मिराबाईनं विचारलं.

"हीच. बराबर हीच," पारख कधी न चुकलेला मोहनसिंग म्हणाला. तो दोरीची गाठ पुन्हा आवळायला लागला.

मिराबाईनं पाण्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. पिशवीतून काढलेली कुंची तिच्या हातात होती.

"न्हाई," ती म्हणाली. "पर होडी चांगली थांबली."

आणि तिनं कुंची घडी करून परत पिशवीत ठेवली.