धाकटा लाकाम्ब्रा

आर्सेनियो लाकाम्ब्राला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुलेखाला तो इलेक्ट्रिशियनच वाटला होता. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका जुन्या हॉलमध्ये परदेशातून आलेल्या लोकांचं छोटंसं कम्युनिटी चॅनल चालायचं, आणि हा पन्नाशीकडे झुकलेला जाडसर माणूस शिडीवर चढून दिव्यांची तोंडं फिरवत होता. खाली उतरून त्यानं हात पँटला पुसला आणि पुढे केला.

"तुम्ही एडिटर ना? बरं झालं आलात. इथं सगळेच हौशी आहेत."

तो स्वतः मात्र हौशी नव्हता. मनिलात त्यानं वर्षानुवर्षं टीव्हीवरच्या मालिका दिग्दर्शित केल्या होत्या. त्याच्या मालिका सुरू झाल्या की रस्ते ओस पडायचे, असं शहराच्या ओटाहुहु भागातल्या फिलिपिनो बायका अजून सांगायच्या. आणि आता हाच माणूस एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होता आणि शनिवार-रविवारी फुकट कार्यक्रम करत होता.

सुलेखाचंही फार वेगळं नव्हतं. पुण्यात ती चांगली नावाजलेली एडिटर होती. नवऱ्याला, यशोधनला, ऑकलंडमध्ये आयटीतली नोकरी लागली म्हणून दोन हजार चार साली ती त्याच्याबरोबर आली, आणि "लोकल एक्स्पिरियन्स नाही" हे एकच वाक्य ऐकून ऐकून शेवटी न्यू लिनच्या एका दुकानात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, विकायला लागली. शनिवारी त्या हॉलमधल्या मशीनसमोर बसलं की तिला आपण कोण आहोत ते आठवायचं.

दोघांचं लवकर जमलं. तो तिला सू म्हणायचा. घरचं मात्र तो फारसं बोलायचा नाही. एकदा कॉफी पिताना तिनं सहज विचारलं, "एवढं सगळं सोडून इथं का आलास?"

त्यानं कप बाजूला सरकवला. मग त्यानं सांगितलं. त्याचे आजोबा गव्हर्नर होते, वडील काँग्रेसमन, म्हणजे तिथले खासदार, थोरला भाऊ आधी मेयर आणि आता वडिलांच्या जागी काँग्रेसमन. जिल्ह्यातल्या शाळेला, पुलाला, मासळीबाजाराला, सगळ्याला लाकाम्ब्रा हेच नाव. हा धाकटा तेवढा नाटकासिनेमाच्या नादी लागून फुकट गेलेला. त्यांच्या गावात रेडिओवर बातम्या सांगणारा एक माणूस होता. भावानं बळकावलेल्या जमिनींबद्दल तो रोज सकाळी बोलायचा. एका सकाळी रेडिओ स्टेशनच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या.

"मी त्या आठवड्यात घरी गेलो होतो. जेवताना भावाला विचारलं, हे तू केलंस का? त्यानं मान वर केली नाही. माशाचे काटे काढत राहिला. आणि आई म्हणाली, आर्से, भात घे अजून." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "त्यानंतर मी त्या घरात जेवलो नाही."

पुढे वर्षभरात त्या रेडिओवाल्याची विधवा ओटाहुहुत येऊन राहिली. तिचं नाव लुर्देस. जिवाच्या भीतीनं देश सोडला होता, इथं आसरा मिळाला होता, आणि ती एका कारखान्यात मांस पॅक करत होती. आर्सेनियोला हे कळल्यावर तो दोन रात्री झोपला नाही आणि मग सुलेखाला बरोबर घेऊन तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी लाकाम्ब्रा आहे," तो म्हणाला. "धाकटा. दार लावून घ्यायचं असेल तर लावा, मी काही म्हणणार नाही."

लुर्देस ठेंगणी, काटक बाई होती. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. सुलेखाला वाटलं, आता ही थुंकेल. पण ती एवढंच म्हणाली, "चपला बाहेर काढा."

त्या दिवसापासून ती सुलेखाची आते झाली. त्यांच्यात आते म्हणजे ताई. सुलेखाला ते ऐकून हसू यायचं, कारण सातारची तिची खरी आते बरीच भांडखोर होती. तिनं ते लुर्देसला सांगितलं तेव्हा तीही खळखळून हसली. तिला हसताना सुलेखानं त्या आधी पाहिलं नव्हतं.

तिघांनी मिळून फिल्म करायला घेतली. आर्सेनियो लुर्देसला खिडकीशी बसवायचा, दिवा हलवून हलवून तिच्या चेहऱ्यावर हवा तसा उजेड आणायचा, आणि मग असा काही हळू बोलायचा की बाई आपोआप मन मोकळं करायची. एके दिवशी बोलता बोलता ती म्हणून गेली, की मारेकऱ्यांना बघणारा एक जण आहे. नेस्टर नावाचा, ट्रायसिकल म्हणजे तिकडची मोटरसायकल-रिक्षा चालवणारा. रेडिओ स्टेशनच्या समोर सवारीची वाट बघत थांबला होता. गाडी कोणाची होती हे त्याला ठाऊक आहे, आणि कधी खटला उभा राहिलाच तर साक्ष देईन असं तो तिला म्हणाला आहे.

आर्सेनियोनं स्वतः उठून कॅमेरा बंद केला.

"सू, हे नाव फिल्ममध्ये नको. आपण तिघं सोडून हे नाव कोणालाही कळता कामा नये."

सुलेखानं तो भाग तेव्हाच पुसून टाकला.

फिल्म जवळजवळ पुरी झाली आणि दोन हजार सातच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत आर्सेनियोचा भाऊ प्रचाराच्या स्टेजवर कोसळला. हृदयविकारानं जागच्या जागी गेला. आर्सेनियो अंत्ययात्रेला म्हणून गेला. "लगेच येतो," असं त्यानं वृद्धाश्रमात सांगितलं होतं, सुलेखालाही.

पण फोन आला तो वेगळाच.

"सू, आई म्हणते भावाच्या जागी मी उभं राहायचं. अर्ज भरलेला उमेदवार गेला तर त्याच्या पक्षातला दुसरा उभा राहू शकतो. इथं लोक मतपत्रिकेवर नाव हातानं लिहितात. आडनाव तेच, म्हणजे काही अडचणच नाही."

"तू आईला काय म्हणालास?"

"सुरुवातीला नाहीच म्हणालो. मग विचार केला, मी नाही तर माझा पुतण्या. तो बापापेक्षा वाईट आहे. आणि आत शिरल्याशिवाय ती केस उघडणार कोण? सू, मी ती केस उघडीन. आतेला सांग."

सुलेखाचा त्याच्यावर विश्वास बसला. त्या सुमारास तिचे सासरे दीनानाथ सहा महिन्यांसाठी सातारहून आले होते. जेवताना तिनं हे सगळं घरात सांगितलं, तेव्हा दीनानाथांना काडीचंही नवल वाटलं नाही.

"आमच्याकडे काय वेगळं होतं गं? आमदार वारला की बायको उभी राहते. बायको नसली तर भाऊ. लोक रडत रडत मतं देतात."

"बाबा, हा तसा नाहीये. हा त्यांच्या विरुद्ध फिल्म करत होता."

"असेल बाई," म्हणून त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

आता प्रश्न फिल्मचा होता. ती आत्ता बाहेर आली तर आर्सेनियो पडणार आणि पुतण्या येणार, हे उघड होतं. लुर्देसला समजवायला सुलेखाच गेली. लुर्देस कारखान्यातून नुकतीच आली होती, गार पाण्यानं आणि बर्फानं बोटं लाल झालेली. सुलेखाचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तो चांगला माणूस आहे, हे मला माहीत आहे. पण त्या घरात जो शिरतो तो त्या घराचा होतो."

"निवडणूक होईपर्यंत थांबू या, आते. एवढंच."

"तू म्हणतेस म्हणून," लुर्देस म्हणाली.

आर्सेनियो प्रचंड मतांनी निवडून आला.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. केसबद्दल विचारलं की तो म्हणायचा, घाई करू नका, पोलीस अजून भावाची माणसं आहेत. मग फोन सेक्रेटरी उचलायला लागला. आणि एका सकाळी लुर्देसचा फोन आला, की नेस्टर दिसेनासा झालाय. रात्री ट्रायसिकल घेऊन निघाला आणि घरी आलाच नाही. ट्रायसिकल पुलाजवळ सापडली.

सुलेखानं दिवसभर फोन लावला तेव्हा कुठे आर्सेनियो भेटला.

"ते नाव कोणाला सांगितलंस?"

पलीकडे कोणीतरी बोलत होतं, मग दार बंद झाल्याचा आवाज आला.

"सू, मी फक्त आईला विचारलं होतं. या माणसाला संरक्षण देता येईल का, एवढंच. मला त्याला मनिलात हलवायचं होतं. केस उघडण्याआधी त्याला सुरक्षित ठेवायला नको का?"

"आईला? तुझ्या आईला?"

"मग कोणाला विचारणार होतो? इथं सगळं तिच्या हातात आहे." पुढचं त्यानं घाईनं सांगून टाकलं. "ती म्हणाली, बघते मी. आणि मला भात वाढला."

तो रडत होता. सुलेखाही रडली. पण फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता तू काय करणार हे तिनं विचारलंच नाही, आणि त्यानंही ते आपणहून सांगितलं नव्हतं.

त्यानं काहीच केलं नाही. राजीनामा दिला नाही, आईचं घर सोडलं नाही. सहा महिन्यांनी त्यानं नेस्टरच्या बायकोला एक शिवणयंत्र दिल्याचा फोटो त्याच्या वेबसाइटवर आला.

दोन हजार नऊमध्ये तो न्यूझीलंडला आला. दुग्धव्यवसाय बघायला कसलंसं शिष्टमंडळ आलं होतं, त्यात हा. ओटाहुहुतल्या एका हॉलमध्ये फिलिपिनो मंडळींनी सत्कार ठेवला. सुलेखा जाणार नव्हती. लुर्देसच म्हणाली, "मला त्याला तोंडावर विचारायचंय. सगळ्यांसमोर. तू माझ्याबरोबर ये."

हॉल गच्च भरला होता. आर्सेनियो बारीक झाला होता, केस काळेभोर केले होते. बरोबर त्याचे दोन कॅमेरावाले होते. त्यानं दारातून येणाऱ्या लुर्देसला पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा जुन्या आर्सेनियोचा झाला. सुलेखानं तो बघितला, तिची खात्री होती. मग त्यानं कॅमेरावाल्याला हातानं जरासं डावीकडे सरकायला सांगितलं. दुसऱ्याला बोटानं वर दाखवलं, आणि तिकडचा दिवा लागला. तो शॉट लावत होता, हे सुलेखाला कळलं. तिनं लुर्देसचा हात धरायला पाहिलं, पण ती पुढे गेली होती.

"नेस्टर कुठं आहे?" लुर्देसनं खणखणीत आवाजात विचारलं.

आर्सेनियो स्टेजवरून खाली उतरला. सगळ्यांच्या देखत तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तिचा हात आपल्या कपाळाला लावला, आणि मग उठून त्यानं तिला मिठी मारली. हॉलमध्ये बायका हुंदके देऊ लागल्या. लुर्देस लाकडासारखी उभी होती. त्याच्या खांद्यावरून ती म्हणत होती, "सोड. मला सोड. नेस्टर कुठं आहे ते सांग." पण टाळ्यांमध्ये ते शेजारी उभ्या असलेल्या सुलेखाशिवाय कोणालाच ऐकू गेलं नाही.

गर्दीतून बाहेर पडताना तो सुलेखाच्या अगदी जवळून गेला.

"असं का केलंस, आर्से?"

"तिला आता तिथं कोणी हात लावणार नाही, सू. तिच्या नातेवाइकांनाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी एवढंच करू शकतो."

त्याचा त्यावर खरोखरच विश्वास होता, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. ती मागे सरली. त्याला गाडीकडे नेणारी माणसं आली आणि तो गेला.

आठवड्याभरात तो व्हिडिओ फिलिपिन्समध्ये घरोघरी पोचला. सुलेखानं तो कॉम्प्युटरवर पाहिला. काम फार सफाईदार होतं. लुर्देसचा प्रश्न नव्हता. तिचं दारातून चालत येणं होतं, त्याचं गुडघ्यांवर बसणं होतं, मिठी होती, तिचे हलणारे ओठ होते आणि वर संगीत होतं. खाली लिहिलं होतं, विधवेनं क्षमा केली.

"आपली फिल्म दाखवायची," सुलेखा त्याच संध्याकाळी लुर्देसकडे जाऊन म्हणाली. "चॅनलवर नको तर इंटरनेटवर टाकते. सगळी तयार आहे. उद्याच टाकते."

लुर्देस कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"नेस्टरची बायको अजून तिथंच राहते. माझी बहीण तिथं आहे, तिची मुलं लाकाम्ब्रा शाळेत जातात. तू टाकशील आणि इथं शांतपणे झोपशील. ती कुठं जातील?"

सुलेखानं फिल्म टाकायचा विचार सोडून दिला. लुर्देस रागावली नव्हती, तेच सोसवत नव्हतं.

पुढे ते चॅनल बंद पडलं. घरं विकणाऱ्या एका कंपनीसाठी सुलेखा घरांचे व्हिडिओ कापायला लागली. यशोधनला वाटलं, चला, अखेर हिला तिच्या लाइनमधलं काम मिळालं. लुर्देसकडे ती अधूनमधून जायची. एका रविवारी गेली तेव्हा चर्चमधून आलेली एक म्हातारी बाई लुर्देसचे दोन्ही हात धरून आभार मानत होती आणि टेबलावर केक ठेवला होता. ती गेल्यावर सुलेखानं विचारलं, "काय झालं?"

"तिच्या मुलाला गावच्या शाळेत मास्तरची नोकरी हवी होती. सगळ्यांना वाटतं, त्या व्हिडिओमुळे माझं तिथं वजन आहे. आठवडाभर रोज येऊन बसायची. शेवटी मी काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन केला."

"तू? त्याच्या ऑफिसला?"

"नाव सांगितलं. एका फोनमध्ये झालं." लुर्देसनं केकचा डबा उघडला, दोन बशा काढल्या. "अजून तिघी जणी विचारून गेल्यात. नाही कसं म्हणू, सू? त्यांचा काय दोष आहे?"

तिनं केक कापला. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि शेजारच्या अंगणात कोणीतरी घाईघाईनं दोरीवरचे कपडे काढत होतं. सुलेखानं बशी हातात घेतली. केक चांगला झाला होता. दोघी तो खात राहिल्या.